कामकरी मातांचे कैवारी : ना. म. जोशी

मुंबईत लोअर परळच्या बाजूला ना. म. जोशी मार्ग नावाचा रस्ता आहे. जुनी माणसे त्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. एके काळी हा सारा भाग गिरण्यांचा आणि गिरणी कामगारांच्या चाळींचा होता. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, पण रस्त्याला नाव मात्र एका कामगार पुढाऱ्याचे राहिले. हे जोशी कोण, असा प्रश्न आमच्या पिढीतील फारच थोड्यांना पडत असेल. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एखाद-दुसरी ओळ येते, आणि तीही परीक्षेपुरती पाठ करून आपण विसरून जातो.

मीही त्यांचे नाव तेवढेच ऐकून होते. पण बी. कॉम.च्या अभ्यासात कामगार कायद्यांचा भाग वाचताना एक गोष्ट लक्षात आली आणि मनात घर करून बसली. बाळंत होणाऱ्या कामगार स्त्रीला पगारी रजा मिळावी, यासाठी मध्यवर्ती कायदेमंडळात बिल आणणारे पहिले गृहस्थ हेच नारायण मल्हार जोशी. ते साल होते १९२४. त्या बिलात त्यांनी जो प्रश्न सोडवू पाहिला, तो आज शंभर वर्षांनंतरही आपण पुरता सोडवलेला नाही. तो प्रश्न दयेचा नाही, हिशेबाचा आहे. बाळंतिणीच्या रजेचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा, हा तो प्रश्न. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने एका समाजसेवकाचे चरित्र लिहायला घ्यावे, याचे कारण हेच आहे.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. आज त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि नंतर डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९०१ साली पदवी मिळाल्यावर त्या काळच्या अनेक सुशिक्षित तरुणांप्रमाणे ते शिक्षक झाले. सुमारे आठ वर्षे त्यांनी मुलांना शिकवले. सरळ मार्गाने गेले असते तर ते हेडमास्तर होऊन पेन्शनीत निघाले असते. परंतु १९०९ मध्ये त्यांनी नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. या संस्थेचे सभासद अल्प वेतनावर आयुष्यभर देशकार्य करण्याचे व्रत घेत. गोखल्यांची शिस्त अशी की, आधी प्रश्नाचा कसून अभ्यास करायचा, आकडे गोळा करायचे आणि मगच तोंड उघडायचे. जोशी यांच्या पुढील साऱ्या आयुष्यावर या शिकवणुकीचा ठसा दिसतो. ते फर्डे वक्ते म्हणून गाजले नाहीत. कागदपत्रे, खलिते, दुरुस्त्या आणि ठराव ही त्यांची हत्यारे होती.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था उभी केली. गिरणगावातील रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे या संस्थेने हाती घेतली. या कामाच्या निमित्ताने जोशी चाळींतून हिंडले. एका खोलीत दहा-दहा माणसे, ओलसर भिंती, सावकाराचा तगादा, हे त्यांनी जवळून पाहिले. आणि तेथेच त्यांना गिरणीत जाणारी आई दिसली.

या आईविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९२० च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांपैकी साधारणपणे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रीळ भरणे, सूत उकलून गुंडाळणे अशा खात्यांत त्या काम करीत. दहा-दहा तास काम असे. पोटुशी बाई दिवस भरत आले तरी कामावर येई, कारण खाडा झाला की मजुरी बुडे. बाळंतपणाला पुष्कळजणी कोकणात किंवा घाटावर माहेरी जात. परत आल्यावर जागा मिळेल की नाही, हे मुकादमाच्या मर्जीवर असे. ज्यांना गावी जाणे परवडत नसे, त्या चाळीतच बाळंत होत आणि अंग सावरायच्या आत पुन्हा साच्यापुढे उभ्या राहत.

मग तान्ह्या मुलाचे काय? त्याला अफूची बाळगोळी देऊन झोपवीत. त्या काळी सरकारच्या कामगार कचेरीने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडून गिरणीतील बायांची पाहणी करून घेतली होती. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे तिच्या अहवालात नमूद आहे. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. पुष्कळ जन्मांची नोंदच होत नसे, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला आहे, असे जाणकार सांगतात. तो निम्मा धरला तरी अंगावर काटा येतो.

आपल्याकडे मराठीत बाळंतीण म्हणतात आणि कन्नडमध्ये बाणंती म्हणतात. शब्द एकमेकांच्या इतके जवळ आहेत, आणि चालही एकच आहे. सव्वा महिना तिने घराबाहेर पडायचे नाही, जड काम करायचे नाही, डिंकाचे लाडू खायचे, शेक-शेगडी घ्यायची. आपल्या आजीला जे कळत होते, ते गिरणीच्या भोंग्याला कळत नव्हते. सव्वा महिन्याची विश्रांती ही घरच्या भाकरीवर जगणाऱ्या बाईला मिळते. रोजच्या मजुरीवर जगणारीला ती मिळायची, तर त्या दिवसांची भाकरी कोणीतरी दिली पाहिजे. जोशी यांच्या पुढील धडपडीचे सार हे आहे.

पहिले महायुद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली व तिची पहिली परिषद १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टन येथे भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांना पाठवले. या परिषदेत मातृत्व-संरक्षणाचा जो करार मंजूर झाला, त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. प्रसूतीपूर्वी सहा आठवडे रजा घेण्याचा हक्क, प्रसूतीनंतर सहा आठवडे कामाला मनाई, या काळात आई व मूल यांचे नीट पोषण होईल इतके साहाय्य, डॉक्टर किंवा सुईणीची मोफत मदत, या काळात कामावरून काढण्यास बंदी, आणि कामावर आल्यावर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास, अशा त्या अटी होत. सर्वात महत्त्वाची अट पैशाची होती. हे साहाय्य सरकारी तिजोरीतून किंवा विम्याच्या योजनेतून द्यावे, असे करारात म्हटले होते. एकट्या मालकाच्या खिशातून द्यावे असे म्हटले नव्हते.

हिंदुस्थान सरकारने हा करार स्वीकारला नाही. येथील परिस्थिती निराळी आहे, म्हणून सरकारने आधी चौकशी करून अहवाल द्यावा, एवढेच परिषदेत ठरले. चौकशी झाली, पत्रव्यवहार झाला आणि असा कायदा येथे व्यवहार्य नाही, असे सरकारचे मत पडले.

वॉशिंग्टनहून आल्यावर जोशी दुहेरी कामाला लागले. एकीकडे कामगारांची अखिल भारतीय संघटना उभी राहणे जरूर होते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, तिच्या संस्थापकांत जोशी होते. पुढे १९२५ मध्ये ते तिचे सरचिटणीस झाले. दुसरीकडे १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसू लागले. सुमारे पाव शतक ते तेथे होते. कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे, हा ठराव त्यांनी १९२१ मध्येच आणला. त्यातूनच पुढे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. एकट्या माणसाने, मागे पक्षाचे बळ नसताना, सरकारी बाके आणि मालकांची बाके या दोहोंच्या मध्ये उभे राहून हे काम केले.

सप्टेंबर १९२४ मध्ये त्यांनी प्रसूती-साहाय्याचे बिल मांडले. कारखाने, खाणी आणि आसामकडील चहाचे मळे येथे काम करणाऱ्या स्त्रियांना ते लागू व्हायचे होते. प्रसूतीनंतर सहा आठवडे कामाला मनाई, त्यापूर्वी रजेचा हक्क आणि रजेच्या काळात रोख साहाय्य, अशी त्याची रचना होती. हे साहाय्य द्यायचे कोठून, तर प्रांतिक सरकारांनी एक निधी उभारावा, मालकांनी त्यात वर्गणी भरावी आणि त्या निधीतून बाळंतिणीला पैसे मिळावेत, अशी तरतूद होती.

बिलाला सरकारने विरोध केला, मालकांनीही केला. १९२५ च्या ऑगस्टमध्ये ते फेटाळले गेले. एका सभासदाचे बिल पडले, यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण मला वाटते, त्या दिवशी बिलाबरोबर निधीची कल्पनाही पडली, आणि तिचे मोल आपण फार दिवस दिले. ते कसे, हे मी माझ्या विषयाच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करते. पुढील आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.

समजा, एका गिरणीत शंभर कामगार आहेत. ऐंशी पुरुष आणि वीस स्त्रिया. वर्षात चार बाया बाळंत होतात आणि प्रत्येकीला पंचवीस रुपये द्यावे लागतात. एकूण खर्च शंभर रुपये. आता हा खर्च जर कायद्याने त्या मालकाच्याच नावे टाकला, तर तो आपल्या वहीत काय लिहील? वीस बाया कामावर ठेवल्यामुळे शंभर रुपये जादा, म्हणजे बाईमागे पाच रुपये. बाईच्या जागी पुरुष घेतला की पाच रुपये वाचले. वीसही बाया काढल्या की शंभर रुपये वाचले. मालक दुष्ट असण्याची येथे गरजच नाही. त्याला फक्त बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे.

आता दुसरी रीत पाहा. सर्व मालकांनी दर कामगारामागे, मग तो पुरुष असो वा स्त्री, वर्षाला एक रुपया निधीत भरायचा. या गिरणीचे शंभर कामगार, शंभर रुपये वर्गणी. बाळंतिणीला पैसे निधीतून मिळणार. आता मालकाने वीस बाया काढून वीस पुरुष घेतले तरी वर्गणी शंभर रुपयेच राहते. बाई काढून एक पैही वाचत नाही. खर्च तेवढाच आहे, बाळंतिणीच्या हातात पडणारी रक्कम तेवढीच आहे, पण पहिल्या रीतीत कायदाच बाईला दाराबाहेर ढकलतो आणि दुसऱ्या रीतीत तसे करण्याचे कारणच उरत नाही.

मध्यवर्ती बिल पडल्यावर प्रांतांनी पुढाकार घेतला. मुंबई कायदेमंडळात असवले यांनी प्रसूती-साहाय्याचे बिल आणले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. आईला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण सरकार उचलत नाही तोवर मालकाने द्यावा, कारण तिच्या श्रमाचा फायदा तोही घेतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. हिंदुस्थानातील या तऱ्हेचा हा पहिला कायदा. आपला बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता, हे येथे आठवावे. मध्य प्रांताने १९३० मध्ये आपला कायदा केला, आणि मागोमाग इतर प्रांतांनीही केले.

मुंबईच्या कायद्याने रोज आठ आणे या दराने काही आठवड्यांचे साहाय्य ठरवले. त्यासाठी बाईची त्याच मालकाकडे ठरावीक महिने नोकरी झालेली असणे आवश्यक होते. आणि पैसे द्यायचे होते मालकाने. निधीची कल्पना बाजूला पडली होती.

पुढे काय झाले? हजारो बायांना पहिल्यांदाच बाळंतपणात हातात पैसे मिळाले, हे निर्विवाद आहे. त्याचे मोल कमी लेखू नये. पण वहीतील वजाबाकीनेही आपले काम केले. १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीने देशभरच्या कामगारांची पाहणी केली. काही ठिकाणी गरोदरपणाची चिन्हे दिसताच बाईला काढून टाकतात, काही ठिकाणी लग्न झालेल्या तरुण बायांना घेतच नाहीत, विधवांना किंवा वय झालेल्यांना पसंती देतात, असे त्या समितीला आढळले. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचा वाटा तर १९६० नंतर दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेला. याला एकटा प्रसूतीचा कायदा जबाबदार नव्हे. नवी यंत्रे आली, बायांची खाती बंद झाली, रात्रपाळीला स्त्रियांना मनाई असल्यामुळे दोन-तीन पाळ्यांच्या गिरणीत त्या अडचणीच्या ठरल्या. परंतु मालकाला आधीच बाई नकोशी होत असताना तिच्या नावावर आणखी एक खर्च पडला, ही गोष्ट नाकारता येत नाही.

या साऱ्यात जोशी यांची स्वतःची भूमिका काय होती? १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशनवर, म्हणजे कामगारविषयक शाही कमिशनवर, ते सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने देशभर प्रसूतीचा कायदा करावा अशी शिफारस केली. विम्याची योजना उभी राहीपर्यंत खर्च मालकाने सोसावा आणि अशी योजना झाली की प्रसूतीचे साहाय्य तिच्यात सामावून घ्यावे, असा त्या शिफारशीचा रोख होता. पूर्ण भाकरी मिळत नसेल तर अर्धी घ्यावी, पण उरलेल्या अर्ध्या भाकरीवरचा हक्क सोडू नये, ही जोशी यांची रीत येथे दिसते. काहींनी त्यांना यासाठी मवाळ म्हणून हिणवले.

किंबहुना याच कमिशनमुळे त्यांना मोठी किंमत द्यावी लागली. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये कमिशनवर बहिष्कार घालण्याचा ठराव आला. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते. बहिष्काराचा ठराव संमत झाला आणि जोशी, व्ही. व्ही. गिरी, दिवाण चमनलाल आदी मंडळी बाहेर पडली. ज्या संस्थेच्या उभारणीत त्यांनी आपले रक्त आटवले, तीच त्यांना सोडावी लागली. त्यांनी निराळा फेडरेशन काढला. पण मनात अढी धरली नाही. दोन्ही बाजू पुन्हा एकत्र याव्यात म्हणून ते सतत खटपट करीत राहिले. १९४० मध्ये एकी झाली आणि ते पुन्हा त्याच संस्थेचे सरचिटणीस झाले. १९४८ पर्यंत ते त्या पदावर होते. गोलमेज परिषदेत त्यांनी कामगारांची बाजू मांडली, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळावरही काम केले. पण कोठेही गेले तरी त्यांच्या बोलण्याचा विषय गिरणगावातील माणूस हाच राहिला.

निधीच्या कल्पनेला शेवटी वाट मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४४ मध्ये प्रा. आडारकर यांनी कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी ती तपासली आणि प्रसूतीचे साहाय्यही तिच्यातच घ्यावे असे सुचवले. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे त्याची सुरुवात झाली. मालक आणि कामगार दोघेही पगाराच्या प्रमाणात वर्गणी भरतात आणि बाळंतिणीला पैसे विमा महामंडळ देते. पुरुषाच्या पगारावरही तीच वर्गणी बसते. म्हणजे, तेवीस वर्षांपूर्वी फेटाळलेल्या बिलातील मूळ कल्पना दुसऱ्या वेशात कायद्याच्या पुस्तकात आली.

३० मे १९५५ रोजी मुंबईत नारायणरावांचे निधन झाले. आपली कल्पना रुजताना त्यांना पाहता आली, हे समाधान त्यांना लाभले असेल असे मानायला हरकत नाही.

पण गोष्ट तेथे संपली नाही. विमा योजना ठरावीक भागांतील, ठरावीक पगारापर्यंतच्या नोकरदारांनाच लागू होती. त्याबाहेरील स्त्रियांसाठी १९६१ मध्ये प्रसूती-लाभाचा कायदा झाला. त्याने रजा बारा आठवड्यांची केली, पण खर्च पुन्हा मालकाच्याच नावे टाकला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच व्यवस्था ठेवलेली आहे. रजा वाढली याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु विम्याबाहेरच्या नोकरीत सव्वीस आठवड्यांचा पगार आजही एकटा मालकच देतो. बारा आठवड्यांच्या वेळी जी वजाबाकी होती, ती आता दुपटीहून मोठी झाली.

ही वजाबाकी पुस्तकातली नव्हे. माझी एक मावसबहीण एम. कॉम. झाली, पहिल्या वर्गात. एका खासगी कचेरीत हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. ताळेबंदाविषयी दोन प्रश्न विचारले, आणि मग लग्न कधी करणार, झाल्यावर नोकरी करणार का, मूल झाल्यावर काय, असे चार प्रश्न विचारले. तिच्याबरोबर मुलाखतीला आलेल्या मुलांना यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. जागा मुलाला मिळाली. तो कदाचित खरेच अधिक लायक असेल. पण तिला विचारलेले ते चार प्रश्न म्हणजे मालकाच्या वहीतील वजाबाकीच होती, हे मला जोशी यांचे चरित्र वाचल्यावर कळले. येत्या वर्ष-दोन वर्षांत माझ्यासारख्या कितीतरी मुली त्याच खुर्चीत बसणार आहेत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर रजाच नको असा कोणी चुकीचा अर्थ काढील. जेथे नोकरी सुरक्षित आहे आणि पगारी रजा मिळते, तेथे बाळंतपणानंतर बाई आपल्या जागेवर परत येते. आमच्या कॉलेजातील प्राध्यापिका, बँकेतील भगिनी, सरकारी शाळांतील बाई यांची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. रजा नसती तर यांतील अनेकींनी राजीनामाच दिला असता आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा उमेदवारी करायला आल्या असत्या. पगारी रजा आईला नोकरीत टिकवते, हे खरे. पण तिचे बिल एकाच मालकाच्या हातात दिले, तर तीच रजा तिला नोकरीत शिरू देत नाही, हेही तितकेच खरे. आणि रजा फक्त आईलाच असेल, तर मूल हे फक्त आईचेच काम, असा शिक्का बसतो. केंद्र सरकारच्या सेवेतील पुरुषांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतील बापासाठी मात्र असा सर्वसाधारण कायदा नाही. बापालाही रजा मिळू लागली, तर मुलाखतीत ते चार प्रश्न फक्त मुलीलाच विचारता येणार नाहीत.

शिवाय आपल्या जिल्ह्याकडे नजर टाकावी. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात बायांचे हात पिढ्यानपिढ्या राबत आले. शेतात भांगलण करणारी, बांधकामावर पाट्या उचलणारी, घरोघर धुणीभांडी करणारी बाई कोणत्या मालकाकडे रजा मागणार? २०१७ पासून केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. ती मदत स्वागतार्ह आहे, पण सहा महिन्यांच्या मजुरीशी तिची तुलना होणार नाही. जिला मालक नाही, तिला निधीशिवाय दुसरे कोण देणार? जोशी यांनी १९२४ मध्ये खाणी आणि चहाचे मळेही बिलात घातले होते, ते उगाच नव्हे. गिरणीतील बाई तेवढी आई आणि मळ्यातील बाई नव्हे, असे त्यांनी मानले नाही.

थोर पुरुषांच्या चरित्रात आपण त्याग शोधतो, आणि जोशी यांच्या आयुष्यात तो भरपूर आहे. पण मला त्यांची थोरवी आणखी एका गोष्टीत वाटते. चाळीतील बाळंतिणीचे दुःख पाहून अनेकांचे डोळे भरून आले असतील. जोशी यांनी ते दुःख पाहिले आणि मग वही उघडून बसले. कोणाकडून किती घ्यायचे, कोणत्या वाटेने द्यायचे आणि देताना बाईची नोकरी जाणार नाही हे कसे पाहायचे, याचा त्यांनी विचार केला. कणव आणि हिशेब ही दोन निरनिराळ्या माणसांची कामे आहेत, असे आम्हां वाणिज्यवाल्यांना कधी कधी वाटते. आमच्यापैकी काहीजण उद्या कारखान्यांच्या वह्या लिहितील, काहीजण स्वतः मालक होतील, काहीजण कायदे करणाऱ्यांना आकडे पुरवतील. तेव्हा बाळंतिणीच्या रजेचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न आमच्या टेबलावर येणारच आहे. तो एकट्या मालकाच्या नावे टाकण्याऐवजी सर्वांनी मिळून थोडा थोडा उचलावा, एवढेच ना. म. जोशी १९२४ पासून सांगत होते. त्यांच्या त्या फेटाळलेल्या बिलाला अजून पुरते उत्तर द्यायचे राहिले आहे.